हा ठोका माझा नाही

रोजचे आवाज टिपायचे आणि त्यांचंच संगीत करायचं, हा माझा धंदा. (घरी याला अजून 'ते काहीतरी रेकॉर्डिंगचं' म्हणतात.) मंडईतला गलका, पिठाची गिरणी, लोकलचे ब्रेक, सगळं साठवून झालं होतं. पेशवाईपासून ठोकाठोक चालू असलेली पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी मात्र राहून गेली होती.

पहिला अर्धा तास वाया गेला. हातोड्याचा ठोका इतका अचानक येतो की मीटरचा काटा हलेपर्यंत आवाज फाटलेला असतो. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, उतरवला तर ठोके स्वच्छ, पण मागची आळीच गायब. शेवटी एक माइक दाराशी ठेवला. दुसरा, रुपयाएवढा पिएझो, तिथले तांबट काका ज्या लोखंडी दांड्यावर घंगाळ घालून ठोकत होते त्याला चिकटपट्टीनं लावला. पिएझोला हवेतलं फारसं ऐकू येत नाही, धातूची थरथर मात्र तो नेमकी पकडतो.

मठारकाम, म्हणजे भांड्यावर ठोके मारून खवले उठवणं, चाललं होतं. ठोक्याला लागून ठोका, आणि तांब्यावर चकचकीत खवल्यांची ओळ पुढे सरकत होती. हेडफोनमध्ये मला मात्र काहीतरी बिघडल्यासारखं वाटायला लागलं. सुरुवातीचा बद्द आवाज हळूहळू टणक, खणखणीत होत चालला होता. चिकटपट्टी सुटली असणार म्हणून मी वाकलो.

"पट्टी नाही रे, तांबं," काका म्हणाले. "ठोकून ठोकून कडक होतं. असं बोलायला लागलं की भट्टीत घालायचं, मग परत नरम."

मी त्यांना हेडफोन दिला. डोळे मिटून ऐकता ऐकता त्यांनी बोट वर केलं. "हा ठोका माझा नाही. समोरच्याचा आहे. त्याचा हातोडा हलका."

१९४८ साली पिएर शेफर या फ्रेंच संगीतकारानं पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात इंजिनांचे आवाज घेऊन त्यांचं संगीत केलं. तबकडीवर बंद खाच कोरली की सुई तिथेच फिरत राहायची आणि तोच आवाज पुन्हा पुन्हा यायचा. मी घरी लॅपटॉपवर तेच केलं. सर्वांत खणखणीत ठोके उचलले, फिरवत ठेवले आणि एक थर निम्म्या वेगानं वाजवून सप्तकभर खाली आणला. त्यावर मी भलताच खूश होतो.

पंधरा दिवसांनी काकांना ऐकवायला गेलो. आधी मान डोलत होती, मग थांबली.

"भट्टीला उशीर केलास. एवढं ठोकल्यावर तडा गेला असता."

घरी येऊन मी मधली चार मिनिटं कापली. त्या जागी तापलेलं भांडं पाण्यात बुडवतानाचा चर्र आवाज टाकला आणि पुढे पुन्हा बद्द ठोके लावले.