पुठ्ठ्याचा डबा आणि ओली फरशी

शिवाजीनगर भागातल्या एका कॉलेजला वर्गांमध्ये आणि ऑफिसात रद्दी कागद टाकायला पुठ्ठ्याचे डबे हवे होते. नग ४० रुपयांच्या आत बसला पाहिजे, ही अट. प्लॅस्टिकचे डबे त्यांच्याकडे होतेच, पण त्यांत कागदावर चहाचा कप, कपावर केळ्याचं साल असं सगळं एकत्र जायचं. २०१६ च्या घनकचरा नियमांतच ओला-सुका कचरा जागच्या जागी वेगळा करायला सांगितलं होतं. इथे निदान कागद तरी वेगळा राहावा, एवढीच प्राचार्यांची इच्छा होती.

मी भोसरी एमआयडीसीत बॉक्सच्या कारखान्यात डिझाइन बघते. रोजचं काम म्हणजे पंपाचे नाहीतर गाडीच्या सुट्या भागांचे बॉक्स. डबा हे त्या मानाने किरकोळ काम, असं कारखान्यात सगळ्यांचं मत पडलं. मला ते पहिल्यापासून तसं वाटलं नाही. बॉक्स एकदा गिऱ्हाइकाकडे पोचला की त्याचं काम संपतं. डब्याला रोज माणसांत राहायचं असतं.

कोरुगेटेड पुठ्ठ्याची किंमत वजनावर ठरते, त्यामुळे स्वस्त डबा करायचा म्हटलं की पहिला हात कागदाच्या जाडीवर जातो. जाडी कमी करायला मी साफ नकार दिला. तीन प्लायचाच पुठ्ठा, म्हणजे दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी कागद, पण बाहेरचा आणि आतला कागद चांगला, १५० जीएसएमचा (चौरस मीटरला १५० ग्रॅम) क्राफ्ट, म्हणजे मजबूत तपकिरी कागद. पैसे वाचवायचे ते आकारात. बाजारातला डबा वर रुंद, खाली निमुळता असतो. तसा पुठ्ठ्यात कापायला गेलं की चार भिंती मिळून पंख्यासारख्या पसरतात आणि शीटचे कोपरे वाया जातात. सरळ चौकोनी डब्यात शीट जवळजवळ पूर्ण वापरली जाते. शिवाय डबे घडी करून सपाट जाणार, मग एकात एक बसवायला निमुळतेपणा हवा कशाला?

खरा वाद झाला नळीवरून. पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी कागदाच्या नळ्या बॉक्समध्ये नेहमी उभ्या ठेवतात, कारण गोदामात बॉक्सवर बॉक्स चढतात आणि उभी नळी वजन पेलते. डब्यावर कोणी काही चढवत नाही. त्याचं तोंड वर उघडं असतं, आत कागद कोंबला की भिंती मधोमध फुगतात. नळी आडवी घेतली तर भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ताठ राहते. हे मी पंचिंगवरच्या, म्हणजे पुठ्ठा कापायच्या मशीनवरच्या काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "ताई, आडव्या नळीचा बॉक्स गिऱ्हाईक परत पाठवतं." त्यांची शंका पोकळ नव्हती. नळीला समांतर घडी घातली की क्रीझ, म्हणजे घडीसाठी दाबून पाडलेली रेघ, शेजारच्या खोलगट भागात घसरते आणि खालची कड वाकडी होते. उपायही त्यांनीच काढला: तिथे एकाऐवजी दोन क्रीझ, अगदी जवळजवळ. मला कड आतल्या बाजूला पूर्ण उलटी दुमडायची होतीच, त्यामुळे दुहेरी क्रीझ दोन्ही कामांना लागू पडली.

एक सांगायचा मोह आवरत नाही. एकाच दाबात कापणं आणि क्रीझ मारणं, ही आमच्या डायची, म्हणजे कापायच्या साच्याची, सगळी करामत, तिचं मूळ १८७९ सालच्या न्यूयॉर्कमध्ये आहे. रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात पिशव्यांवर घडी पाडणारी धातूची पट्टी सरकली आणि पिशव्या कापल्या गेल्या. त्यावरून त्यांना सुचलं की दोन्ही कामं एकदम होतील. भोसरीतल्या प्रत्येक डायच्या लाकडात आजही उंच पाती कापायला आणि बुटक्या पट्ट्या घडीला, अशा शेजारी शेजारी बसवलेल्या दिसतात.

नमुने घेऊन मी कॉलेजात गेले ते पावसाळ्यात, मुद्दाम. भर पावसाळ्यात हवेतल्या ओलीनेच पुठ्ठ्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. व्हरांड्यात दोन प्रकार शेजारी ठेवले. एकाचा तळ साध्या बॉक्ससारखा, चार पाकळ्या दुमडलेला. दुसऱ्याच्या भिंती खाली चार सेंटिमीटर आत दुमडलेल्या आणि त्या दुमडीच्या वरच्या कडेवर टेकवलेला सुटा तळ. तो तळ दुसऱ्या बॉक्सांच्या कटिंगमधून निघतो, म्हणून जवळजवळ फुकट पडतो. मुख्य म्हणजे फरशीला फक्त दुमड लागते; कापलेली कड जमिनीपासून वर राहते.

सफाईच्या मावशींना मी विनंती केली की रोजच्यासारखंच करा, डबे सांभाळू नका. त्यांनी ओलं फडकं फिरवलं आणि डबे पायाने बाजूला सारले. थोड्या वेळाने साधा डबा उलटा केला. चार पाकळ्या जिथे मधे मिळतात तिथून गडद तपकिरी डाग चारी बाजूंना पसरत चालला होता. कापलेल्या कडेने पाणी ओढून घेतलं होतं. अंगठ्याने दाबलं तर वरचा कागद खालच्यावरून सरकला. आतली स्टार्चची खळ सुटली होती. दुमडीचा डबा खालून फक्त दमट लागत होता, तळ कोरडा.

मी खूश होते. तेवढ्यात मावशींनी तो डबा उचलला, पोत्यावर उलटा धरला आणि बुडावर थाप मारली. कागदाबरोबर सुटा तळही पोत्यात गेला!

मावशींनी तो काढून दिला आणि म्हणाल्या, "मॅडम, याला कान ठेवा ना. भिंतीला भोक पाडा, कान त्यात अडकवा. आणि मला धरायला पण भोक द्या, एका हातात फडकं असतं माझ्या." मी तिथेच वहीत काढून घेतलं. कान काढायला जादा पुठ्ठा लागत नाही, डायमध्ये दोन पात्या वाढतात, बस. हाताच्या भोकाचंही तेच.

मग त्यांनी कॉलेजात रद्दी न्यायला येणाऱ्या ताईंना हाक मारली. त्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या जुन्या सभासद. पुण्यात १९९३ पासून कचरावेचकांची ही संघटना आहे आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. त्यांनी डब्यापेक्षा डब्यातला कागद आधी पाहिला. चहा लागलेले कागद एकीकडे काढले. "हे कुणी घेत नाही. कोरडा पांढरा असंल तर भाव येतो." मग डबा वाजवून पाहिला. "हा फाटला की हापण पुठ्ठ्यातच जाणार ना? प्लॅस्टिक नाही ना चिकटवलेलं?"

कॉलेजच्या ऑफिसचा आग्रह होता तो नेमका प्लॅस्टिक लॅमिनेशनचा, पाणी लागू नये म्हणून. ताईंचा प्रश्न मी तसाच्या तसा प्राचार्यांपुढे ठेवला. लॅमिनेशन केलं की लगद्यात कागद सुटायला अडचण येते आणि पुठ्ठ्याचा भाव जातो. ओलीचा बंदोबस्त दुमडीने होत होता, त्यामुळे त्यांनी आग्रह सोडला. मी लोखंडी पिनाही काढल्या. जोड फक्त चिकटवलेला.

झाकण त्या दिवसानंतर आलं. वर फट ठेवली ती कागद सहज जाईल पण चहाचा कप जाणार नाही इतकी अरुंद, आणि मावशींसाठी पूर्ण उचलता येईल असं. या सगळ्यासकट डबा ४० च्या आत बसला. छपाई एका रंगात, काळ्या शाईत, 'फक्त कोरडा कागद' एवढीच. ती चारही बाजूंना घेतली, कारण फरशी पुसून झाल्यावर डब्याची कुठली बाजू भिंतीकडे जाईल ते सांगता येत नाही.