जुनी लाकडी यॉट घ्यायचीये? आधी पावसाचं पाणी कुठे मुरतंय ते बघा

परत एकदा तोच मेसेज आला. १९३० च्या दशकातली लाकडी रेसिंग यॉट, डिझायनरचं नाव मोठं, मालक म्हणतोय पैसे नकोत फक्त घेऊन जा, तर घेऊ का? सोबत फोटो. फोटोत बोट जमिनीवर टेकूंच्या आधाराने उभी, ताडपत्री अर्धी उडालेली, डेकवर वाळक्या पानांचा थर आणि त्या पानांखाली साचलेलं पाणी. फुकट ते पौष्टिक ही म्हण ज्याने कुणी काढली त्याने लाकडी बोट पोसलेली नव्हती एवढं नक्की.

मी एका जुन्या बोटीचा अर्धा मालक आहे, म्हणजे खर्चाचा अर्धा आणि कामाचा पाऊण, त्यामुळे असं काही दिसलं की गप्प बसवत नाही. लोकांना वाटतं लाकडी बोटीचा शत्रू समुद्र. समुद्र बिचारा फारसं काही करत नाही, खरी वाट लावतं ते पावसाचं गोडं पाणी. लाकूड कुजवणारी बुरशी असते तिला ओल आणि हवा दोन्ही लागतं, आणि मीठ तिला मानवत नाही. जुन्या काळी अमेरिकन स्कूनर (दोन किंवा जास्त डोलकाठ्यांची शिडाची जहाजं) बांधताना फ्रेम्सच्या, म्हणजे बोटीच्या बरगड्यांच्या, मधल्या पोकळीत चक्क खडेमीठ भरून ठेवायचे ते याचसाठी. (खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा शिपवर्म असतो ते मान्य, पण त्याला तांब्याचा पत्रा नाहीतर तळाचा विषारी रंग आडवा येतो.) म्हणजे वर्षानुवर्षं पाण्यात उभी असलेली, वापरातली, जरा कळकट दिसणारी बोट बऱ्याचदा शेडबाहेर "जपून" ठेवलेल्या बोटीपेक्षा ठणठणीत निघते.

बघायला गेलात तर चकचकीत व्हार्निशकडे बघूच नका. डेक आणि हल (बोटीचं बाहेरचं अंग) जिथे मिळतात तो कोपरा, डेकखालच्या तुळयांची टोकं, डोलकाठीचा बुंधा जिथे बसतो ती जागा, ट्रान्समचे, म्हणजे मागच्या सपाट भिंतीचे, कोपरे, आणि डोलकाठीच्या तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात त्या चेनप्लेट्सच्या मागचं लाकूड, इथे झिरपलेलं पाणी अडून बसतं. छोट्या लाकडी हातोडीने ठोकत जायचं. चांगलं लाकूड टणटण बोलतं, कुजलेलं बद्द वाजतं, आणि एकदा तो बद्द आवाज ऐकला की मग टोचणी घ्यायची आणि तो डाग कुठपर्यंत पसरलाय ते शोधायचं. रंगाची पापुद्री अखंड असते आणि आत टोचणी मुठीपर्यंत जाते असंही होतं.

लाकडाच्या खालोखाल धातू. फळ्या फ्रेम्सना कशाने जोडल्यात हे आधी विचारा. तांब्याचे रिव्हेट किंवा ब्राँझचे स्क्रू असतील तर उत्तम. लोखंड असेल आणि लाकूड ओक असेल तर ओकमधलं टॅनिन लोखंडाला खातं, गंज आजूबाजूच्या लाकडाला खातो, आणि भोवती काळं निळं वर्तुळ दिसायला लागतं. सगळ्यात फसवा प्रकार पितळेचा. पितळेतलं जस्त खारं पाणी हळूहळू ओढून घेतं आणि मागे राहतं ते तांब्याचं सच्छिद्र भुसभुशीत काहीतरी. बाहेरून स्क्रू पूर्ण शाबूत, आटे सुद्धा दिसतात, फक्त रंग पिवळ्याचा गुलाबी झालेला असतो. आमच्या बोटीतून असा एक काढून पक्कडीत धरला तर बिस्किटासारखा मोडला. अशा शेकडो स्क्रूंच्या भरवशावर बोट उभी असते.

आणि कील बोल्ट, म्हणजे तळाच्या कण्याचे बोल्ट! खाली टनावारी शिसं किंवा बीड लटकलेलं असतं ते या बोल्टांवर. वरून नट चकाचक दिसतो म्हणून समाधान मानायचं नाही, निदान एक-दोन बोल्ट उपटून बघायचेच. दोन्ही टोकं जाडजूड आणि मधोमध, जिथे लाकडाची कील आणि शिसं यांचा सांधा येतो तिथे, कंबर पेन्सिलीएवढी बारीक झालेली असा बोल्ट पाहिला की रात्री झोप येत नाही. विकणारा जर बोल्ट काढू देत नसेल तर नमस्कार करून परत यायचं.

आता गंमत अशी की हे सगळं खराब असलं तरी बोट वाचवता येते, लाकूड बदलता येतं, धातू बदलता येतो. वाचवायचा असतो तो तिचा आकार. या जुन्या रेसिंग यॉट्सचं सगळं सौंदर्य त्या रेषेत आहे आणि ती रेषा नुसती दिसण्यासाठी नाही. हलचा कमाल वेग साधारणपणे पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो, फुटांमधल्या वॉटरलाइनचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणलं की नॉट, म्हणजे ताशी सागरी मैल, मिळतात. २५ फूट असेल तर ६.७ नॉट, ३६ फूट असेल तर ८. आता १९०७ पासून जो इंटरनॅशनल रूल, म्हणजे रेसिंग बोटी मोजायचा नियम, लागू झाला (सिक्स मीटर, एट मीटर, ट्वेल्व्ह मीटर वगैरे क्लास त्याचेच, आणि नावातले मीटर म्हणजे लांबी नव्हे, फॉर्म्युल्याचं उत्तर आहे, सिक्स मीटर बोट चांगली अकरा मीटरच्या आसपास लांब असते) त्यात काय किंवा अमेरिकेच्या युनिव्हर्सल रूलमधे काय, वॉटरलाइन लांब ठेवली की रेटिंगमधे (मोजमापातून येणाऱ्या आकड्यात) फटका बसायचा. म्हणून डिझायनर लोकांनी बोट सरळ उभी असताना वॉटरलाइन आखूड ठेवली आणि पुढचं मागचं टोक पाण्याच्या वर लांबच लांब काढलं. वारा भरला, बोट कलंडली की ती टोकं पाण्यात उतरतात आणि बोट एकदम लांब होते. नियमातली पळवाट होती, आणि त्यातून इतकी देखणी गोष्ट निघाली!

पण ही लांब टोकं पाण्याच्या आधाराशिवाय लटकलेली असतात, आणि वर्षानुवर्षांत ती खाली ओघळतात, मधला भाग वर येतो, कण्याला बाक येतो. अशा बोटीच्या फ्रेम्स सगळ्या एकदम काढल्यात तर संपलं, तो बाक नव्या लाकडात कायमचा बसेल. आधी टेकू देऊन, आत-बाहेर साचे बसवून, मूळ ड्रॉइंग मिळालं तर त्याच्याशी ताडून आकार परत आणायचा, हळूहळू, आठवड्यात थोडा थोडा जॅक वर करत, आणि मग एक आड एक फ्रेम बदलायची. फ्रेम वाकवायची म्हणजे ओकची पट्टी वाफेच्या पेटीत घालायची, एक इंच जाडीला ढोबळ एक तास, आणि बाहेर काढली की जागेवर बसवून क्लॅम्प आवळेपर्यंत मिनिटभराचा खेळ असतो. तेवढ्यात बसली तर बसली, नाहीतर चुलीत. या कामाला माणसं पण तशी लागतात, एक पेटीपाशी, एक आत, एक बाहेर, आणि कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही.

मग वाद येतो की एवढं सगळं बदललं तर ती जुनी बोट राहिली का. माझं मत सरळ आहे, रेषा राहिली तर बोट राहिली. एरिक ताबार्ली हा फ्रान्सचा मोठा सेलर, त्याच्या वडिलांकडे विल्यम फाइफने डिझाइन केलेली १८९८ ची पेन ड्यूक नावाची यॉट होती, हल इतका कुजला होता की दुरुस्तीच्या पलीकडे. तर त्याने १९५८ मधे त्या कुजक्या हलचाच साचा म्हणून वापर करून त्यावरून फायबरग्लासचा नवा हल काढला. लाकडाच्या भक्तांना हे पटत नाही, पण त्याने तसं केलं नसतं तर आज पेन ड्यूक नसतीच. तो गेलाही तिच्यावरूनच, बोटीच्या शंभराव्या वर्षी, जून १९९८ मधे, फाइफच्या बोटींच्या मेळाव्यासाठी स्कॉटलंडकडे जाताना रात्री समुद्रात पडून.

एंडेव्हरचं उदाहरण दुसऱ्या टोकाचं. १९३४ ची, १३० फुटी, थॉमस सॉपविथ या ब्रिटिश विमान उत्पादकाने अमेरिकाज कप या नावाजलेल्या यॉट शर्यतीसाठी बांधून घेतलेली, जे क्लास या मोठ्या रेसिंग यॉट्सच्या वर्गातली. ऐन वेळी पगारावरून खलाशी सोडून गेले, हौशी लोकांना घेऊन तो उतरला, पहिल्या दोन रेस जिंकला आणि मग ४-२ ने हरला. नंतर ही बोट गंजत पडून राहिली, एलिझाबेथ मेयर नावाच्या बाईने १९८४ मधे घेतली आणि १९८९ मधे परत शिडाखाली आणली. हल स्टीलचा, कितीतरी पत्रे नवे, पण रेषा मूळ डिझायनर चार्ल्स निकल्सनचीच. तिला खोटी कोण म्हणेल? तसंच मारिक्विटा ही रेसिंग यॉट, १९११ ची, कित्येक वर्षं चिखलात रुतून हाउसबोट म्हणून लोक राहायचे तिच्यात, आणि २००४ मधे परत पाण्यात.

मला खटकतं ते वेगळंच. जुन्या फळ्यांच्या हलवर बाहेरून फायबरग्लास आणि इपॉक्सी थापून "आता गळणार नाही" म्हणणं. पेन ड्यूकमधे जुना हल काढूनच टाकला होता, इथे ओली फळी आत कोंडली जाते, ती फुगणार आकसणार थांबत नाही, आणि बाहेरचं कवच सुटतं किंवा आतलं लाकूड सडतं. फळ्यांची बोट मुळात पाणी पिऊन घट्ट होण्यासाठी बनवलेली असते. फटींमधे कापसाची वात ठोकून वर मऊ लांबी (पुट्टी) भरतात, पाण्यात सोडली की पहिले एक-दोन दिवस नुसती गळते, पंप चालू, क्रेनचे पट्टे पोटाखाली तसेच, आणि मग फळ्या फुगून आपोआप बंद. जमिनीवर सुकलेल्या बोटीच्या रुंद फटी बघून कुणीतरी त्यात कडक फिलर भरतो, दिसायला झकास, आणि पाण्यात गेल्यावर फळ्यांना फुगायला जागाच उरत नाही, मग फ्रेम्स तडकतात. तसंच जस्ताच्या तुकड्यांचं. गंजू नये म्हणून जास्त जस्त लावलं तर ब्राँझच्या फिटिंगभोवती अल्कली तयार होते आणि लाकूड केसाळ, मऊ पडतं. जास्तीची काळजी सुद्धा खाते बोटीला.

आणि चालवायला पाहिजे हो. शोभेची ठेवायची असेल तर मॉडेल घ्या. ऑलिन स्टीफन्स या अमेरिकन डिझायनरने विशी नुकतीच ओलांडलेली असताना डिझाइन केलेली डोराड ही यॉट १९३० मधे पाण्यात उतरली, १९३१ मधे अटलांटिक पार करायची रेस जिंकली, १९३६ मधे कॅलिफोर्निया ते हवाई ही ट्रान्सपॅक जिंकली, आणि ७७ वर्षांनी, २०१३ मधे, रिस्टोअर होऊन परत तीच ट्रान्सपॅक हँडिकॅपवर (बोटीबोटींमधला फरक धरून वेळ मोजून) ओव्हरऑल जिंकली. डेकवर हवा आत घेणारा आणि पाणी बाहेर टाकणारा जो पेटीवाला भोंगा असतो त्याला आजही डोराड व्हेंटच म्हणतात.

चालवताना मात्र आधुनिक बोटीच्या सवयी विसरायच्या. लांब कील, कित्येक टन वजन, त्यामुळे ती लवकर वळत नाही आणि थांबत तर नाहीच. १९९५ मधे फ्रान्समधल्या सां-त्रोपेच्या निउलार्ग रेगाटात (शिडाच्या बोटींच्या शर्यतींच्या मेळ्यात) मारिएट ही मोठी स्कूनर आणि एक छोटी सिक्स मीटर यांची टक्कर झाली, छोटी बुडाली, एक माणूस गेला, आणि रेगाटा बंद पडला तो १९९९ मधे नव्या नावाने सुरू झाला. गर्दीत लांबून विचार करावा लागतो. त्यात बऱ्याच जुन्या रिग्सना (डोलकाठी, शिडं आणि तारांची मांडणी) सैल-घट्ट करायचे बॅकस्टे, म्हणजे डोलकाठीला मागून धरणाऱ्या तारा, असतात, डावा आणि उजवा. वाऱ्याकडे पाठ करून जाइब करताना, म्हणजे शीड एका बाजूकडून दुसरीकडे नेताना, एक सोडायचा, दुसरा आवळायचा, आणि हे बूम (शिडाच्या खालच्या कडेचा दांडा) पलीकडे जायच्या आत. सोडायला उशीर झाला तर बूम त्याच्यावर आपटतो, आवळायला उशीर झाला तर डोलकाठीला मागून आधारच नाही. आमच्याकडे त्या दोन माणसांना त्या वेळेत दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही असा नियम आहे, बाकीच्यांनी फोटो काढायचेत तर खुशाल काढा.

दोरखंडांवरून सध्या आमच्यात जुंपलीये. ही रिग सुती शिडांसाठी आणि ताणल्या जाणाऱ्या दोऱ्यांसाठी बनलेली, वाऱ्याचा झटका आला की तो अर्धा दोरीतच जिरायचा. आता डायनीमा या कृत्रिम धाग्याच्या हॅलयार्ड (शीड वर चढवायच्या दोऱ्या) लावल्या तर त्या ताणतच नाहीत, सगळा झटका थेट डोलकाठीच्या बुंध्यात आणि चेनप्लेट्समधे जातो, म्हणजे नेमक्या त्याच जागांत ज्या आत्ता कुठे दुरुस्त करून झाल्यात. म्हणून मी पॉलिस्टरच्याच ठेवल्यात. जोराच्या वाऱ्यात शिडाची पुढची कड जरा सैल पडते, परत आवळावी लागते, थोडा वेग जातो, आणि माझ्या भागीदाराच्या मते आम्ही मागची रेस त्यामुळेच हरलो. माझ्या मते सुकाणू त्याच्या हातात होतं म्हणून हरलो. पुढच्या सीझनपर्यंत तरी दोऱ्या त्याच राहणार आहेत.