गरीब दिसणारा मासा

पाहुणे जेवायला येणार आणि मासा करायचा असं ठरलं की घरात जी चर्चा होते ती फिरून फिरून शेवटी पांढऱ्या, सौम्य चवीच्या माशावरच येते. कॉड, हॅडॉक, सोल, हॅलिबट, नाहीतर सरळ बासा किंवा तिलापियाच्या फिले (मधला काटा काढून कापलेले सपाट तुकडे). काटे कमी, वास कमी, रंग बघून कोणी दचकत नाही, आणि "मी तसं मासे फारसे खात नाही, पण चालेल मला" असं म्हणणारा जो एक पाहुणा प्रत्येक जेवणाला असतोच त्यालाही चालतो. ना अध्यात ना मध्यात असा मासा. म्हणून तो सेफ. आता खाणाऱ्यासाठी तो सेफ आहे हे मान्यच, पण करणाऱ्यासाठी? माझं स्पष्ट मत आहे की पाहुण्यांच्या जेवणात याच्याइतका खडूस पदार्थ दुसरा नाही, कारण हा कोणासाठी थांबत नाही.

त्याचं कारण त्याच्या अंगात आहे, म्हणजे अंगात काय नाही त्यात आहे. सामन किंवा बांगड्यासारखे मासे चरबी मांसातच साठवतात त्यामुळे दोन मिनिटं जास्त झाली तरी ते सांभाळून घेतात. कॉडची चरबी असते लिव्हरमधे (कॉड लिव्हर ऑइल ते हेच), मांसात १०० ग्रॅमला १ ग्रॅमसुद्धा नसते, मग ओलावा टिकवायचा कोणाच्या जीवावर? त्यात हे मासे ट्यूनासारखे दिवसरात्र लांब पल्ल्याचं पोहत नाहीत, बराच वेळ निवांत आणि भक्ष्य दिसलं किंवा जिवावर बेतलं की एक झटका, आणि अशा झटक्याच्या स्नायूंना ऑक्सिजन साठवून ठेवणारं लाल मायोग्लोबिन फारसं लागत नाही, म्हणून मांस पांढरं. थोडक्यात आळशी मासा. शिजल्यावर ज्या सुंदर पाकळ्या सुटतात ना, ते स्नायूंचे थर, त्यांना धरून ठेवणारं कोलॅजन मुळात कमी आणि तेही थोड्या उष्णतेत विरघळून जातं. साधारण ५० ते ५५ अंशाला पाकळ्या सुटायला लागतात, ६० च्या वर पाणी सोडायला लागतो, आणि त्यापुढे रेटलं तर कापूस. अमेरिकेतला सरकारी सल्ला आतलं तापमान ६३ अंश होऊ द्या असा आहे, म्हणजे सुरक्षित आणि सुका यात अंतर किती ते बघा. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा गरोदर बाई जेवायला असेल तर मी ६३ च धरेन, तिथे पाकळ्यांचं कौतुक नको.

आणि आता या एवढ्याशा वेळेच्या फटीत पाहुणे बसवायचे! एकजण ट्रॅफिकमधे, एकजण आलाय पण फोनवर, दोघं बाल्कनीत गप्पा मारतायत आणि "अगं बसूच आता" असं तीनदा म्हणून झालंय पण बसत कोणीच नाही. रस्सा असता तर मंद आचेवर ठेवून दिला असता, भात झाकून ठेवला असता, पण हा मासा झाकून ठेवला की आतल्या वाफेनेच शिजत राहतो आणि उघडा ठेवला की पाच मिनिटात गार. गॅसवरून उतरवल्यावरही आतली उष्णता काम करतच असते, म्हणून शिजलाय असं वाटण्याच्या किंचित आधीच उतरवायला लागतो, आणि हे "किंचित आधी" कुठल्याच रेसिपीत नीट लिहिलेलं नसतं. इंचभर जाडीला १० मिनिटं असा एक नियम सांगतात, कॅनेडियन रूल म्हणून ओळखतात त्याला. ठीक आहे, हाताशी असावा, पण मी सातव्या-आठव्या मिनिटाला सुरीचं टोक घालून बघायच्या बाजूची आहे. आतला काचेसारखा भाग दुधाळ झाला आणि थर सरकले की बास.

म्हणून पाहुण्यांसाठी मासा करायचा तर क्रम उलटा लावावा असं मला वाटतं. बाकीचं सगळं आधी, ताटं गरम, माणसं बसलेली, काहीतरी गरम सूप वगैरे त्यांच्या पुढ्यात, आणि मग मासा ओव्हनमधे. माणसांनी माशासाठी थांबायचं, उलटं नाही. थोडं उद्धट वाटतं पण सूप पुढ्यात असलं की कोणाच्या लक्षातही येत नाही.

ओव्हन म्हणाले ते मुद्दाम. तव्यावर खरपूस केलेल्या माशाची मजा वेगळीच हे कबूल, पण ती दोन माणसांसाठी. सहा जणांच्या फिले एका तव्यात कोंबल्या की तवा गार पडतो, मासा पाणी सोडतो आणि भाजायच्या ऐवजी उकडतो. तीन घाणे काढले तर पहिला घाणा गार होईपर्यंत तिसरा होत नाही आणि यजमान किचनमधे अडकलेला तो अडकलेलाच. त्यापेक्षा एका ट्रेमधे सगळे तुकडे. २०० अंशाला पटकन होतात, पण मला स्वतःला १२० च्या आसपासचा मंद ओव्हन जास्त आवडतो, वेळ दुप्पट लागतो पण चुकायला जागा मिळते, दोन मिनिटांनी फारसं बिघडत नाही. रंग येत नाही हे खरं. त्याला वरून बटरमधे परतलेला ब्रेडचा चुरा घाला, रंगही आला आणि कुरकुरीतपणाही. आणि शेपटीकडचा पातळ भाग दुमडून खाली घाला, नाहीतर एका पाहुण्याच्या वाट्याला मासा आणि दुसऱ्याच्या वाट्याला पापड.

तयारीत दोनच गोष्टींवर मी अडून बसते. एक म्हणजे कोरडा करणे. फ्रोझन मासा असेल तर (त्यात कमीपणा काही नाही, बोटीवरच गोठवलेला मासा कित्येकदा "ताज्या" माशापेक्षा ताजा असतो) आदल्या रात्री फ्रीजमधे, आणि व्हॅक्यूम पॅक असेल तर फोडून, कारण बंद पाकिटात हवा नसताना बोटुलिझमचे (अन्नातून होणारी गंभीर विषबाधा) जंतू वाढायचा धोका असतो. मग टिपून टिपून कोरडा. दुसरं मीठ, पंधरा-वीस मिनिटं आधी, त्याने मांस घट्ट होतं आणि वर जो पांढरा फेसासारखा साका येतो तोही कमी होतो. लिंबू मात्र आधी नको! समुद्री माशाचा जो वास असतो तो ट्रायमिथाइलअमाइनचा, आंबट त्याला जखडून ठेवतं म्हणून लिंबू लावायची पद्धत, पण अर्धा तास लिंबात ठेवलं तर मासा बाहेरून तिथेच "शिजतो" आणि नंतर खडूसारखा लागतो. लिंबू ताटात, फोड करून. तिलापियासारख्या गोड्या पाण्यातल्या माशाला कधी मातकट वास येतो तो वेगळा, जिओस्मिनचा, पण त्यालाही आंबट उतारा चालतो.

काट्यांचं तेवढं बघा. फिले म्हणून विकतात तरी मधल्या रेषेवरून बोट फिरवलं की दोन-चार टोचतातच, चिमट्याने ज्या दिशेला झुकलेत त्याच दिशेने ओढायचे. गप्पा मारत खाणाऱ्या माणसाला काटा सापडतो तो घशातच.

आणि बोलावतानाच ऍलर्जी विचारा. मासा सौम्य आहे म्हणून ऍलर्जीही सौम्य असं नसतं, ती होते पार्व्हाल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनमुळे, ते पांढऱ्या माशात भरपूर असतं आणि शिजवून जात नाही. कोळंबीची ऍलर्जी वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही, पण पाहुणे दोन्ही एकाच दमात सांगतात तेव्हा नीट खोदून विचारायचं.

मसाल्याचं काय? चव सौम्य आहे म्हणून लोक घाबरून त्याच्यावर सगळा डबा रिकामा करतात. मग मासा कशाला, बटाटा घाला ना त्याच्या जागी. मी म्हणते सॉस जोरदार करा, लसूण, मिरची, केपर्स (खारवलेल्या आंबट कळ्या), टोमॅटो काय हवं ते, पण बाजूला वाटीत. ज्याला मासा खायचाय तो मासा खाईल, ज्याला चालवून घ्यायचाय तो सॉस खाईल.

उरला तर परत गरम करायच्या भानगडीत पडू नका, सुकतो आणि घरभर वास सुटतो. गारच मोकळा करून उकडलेल्या बटाट्यात मिसळा, कांदा, कोथिंबीर, अंडं, आणि थापून शॅलो फ्राय. ओलाव्याची जबाबदारी आता बटाट्याची, त्यामुळे घड्याळ बघायची गरज नाही, ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा त्याने उठून तळून घ्यावं.