नकाशातली तीन वर्तुळं
आज दिवसभर एका नकाशावर डोकं घालून बसले होते. जीवावरण राखीव क्षेत्र म्हणजे माणसांना हाकलून कुंपण घातलेलं जंगल, अशी माझी इतकी वर्षं समजूत. निघालं उलटंच! ही कल्पना ज्यातून आली, त्या युनेस्कोने १९७१ मध्ये सुरू केलेल्या 'मानव आणि जीवावरण' कार्यक्रमाच्या नावातच आधी माणूस आहे. मधोमध गाभा, तो वन्यजीवांचा. भोवती बफर, म्हणजे गाभ्याला सांभाळणारा पट्टा. त्याबाहेर गावं, शेती, गुरं, सगळं त्याच क्षेत्रात धरलेलं. दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांच्या राखीव क्षेत्रात तर हत्तींच्या वाटा आणि माणसांच्या वस्त्या शेजारी शेजारी.

अर्थात हत्तीला या रेषा थोड्याच दिसतात? उभं पीक तुडवलं गेलं आणि भरपाई वेळेत आली नाही, तर शेतकरी रात्री फटाके वाजवणारच. त्याला मी तरी कुठल्या तोंडाने नावं ठेवू?