तिरानोत राहिलो म्हणून दिसलेले वाल्तेल्लीना खोरे

इटलीतल्या मिलानोहून निघालेली गाडी अडीच तासांत तिरानोला पोहोचते आणि तिच्यातले बहुतेक पर्यटक तिथूनच बेर्निना घाट ओलांडणाऱ्या लाल गाडीने स्वित्झर्लंडला निघून जातात. आमचाही बेत तोच होता. पण मोठ्या काचांच्या पॅनोरमा डब्यांचे आरक्षण हव्या त्या दिवशी मिळाले नाही, म्हणून पत्नीने आणि मी तिरानोतच चार दिवस मुक्काम करायचे ठरवले. त्याच मार्गावरच्या साध्या गाडीला आरक्षण लागत नाही आणि तिच्या खिडक्या उघडतात, हे तिथे गेल्यावर कळले. मिलानोहून जाताना डावीकडे बसावे, म्हणजे लेक्कोपासून कोलिकोपर्यंत कोमो सरोवर सोबतीला राहते. छापील तिकिटावर मात्र गाडीत चढण्यापूर्वीच फलाटाजवळच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा.

१५०४ मध्ये माता मेरीने दर्शन दिले, या श्रद्धेतून तिरानोतली बासिलिका, म्हणजे मोठे चर्च, उभी राहिली. तिच्यासमोरच्या चौकातून लाल गाडी ट्रामसारखी रस्त्यावरून जाते. तिसऱ्या दिवशी आम्ही त्या गाडीने २,२५३ मीटर उंचीवरच्या ओस्पित्झिओ बेर्निना स्थानकापर्यंत जाऊन आलो. १९१० मध्ये पूर्ण झालेला हा मार्ग दातेरी रुळांशिवाय एवढी चढण चढतो, हे प्रत्यक्ष पाहण्यासारखे आहे.

पण माझे मन गुंतले ते द्राक्षमळ्यांच्या बांधांत. हे खोरे पूर्व-पश्चिम पसरलेले असल्यामुळे अड्डा नदीच्या उत्तरेकडच्या उतारावर दिवसभर ऊन असते, आणि त्या उभ्या उतारावर माणसांनी शतकानुशतके दगडावर दगड रचून, पाठीवरच्या टोपल्यांतून माती वर वाहून नेऊन अरुंद पायऱ्यांची शेती उभी केली आहे. बांधांत चुना नाही, सिमेंट नाही. आमच्या रत्नागिरीकडचा गडगा असाच कोरडा रचतात, त्यामुळे मोठ्या दगडांमध्ये ठोकून बसवलेल्या चिपा पाहताच ओळख पटली. पाणी फटींतून निघून जाते, दगड दिवसाची ऊब धरून ठेवतो, आणि त्या उबेवर नेब्बिओलो जातीची द्राक्षे पिकतात. कोरड्या दगडी बांधकामाची ही कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

चौथा दिवस रविवारचा होता. घरमालकीणबाईंनी आग्रहाने सांगितले होते की पित्झोक्केरी खायचे ते तेल्योलाच. ज्या गावावरून खोऱ्याला नाव पडले, ते हे गाव. कुट्टूच्या पिठाच्या जाड पट्ट्या, बटाटा, कोबी आणि काझेरा चीज हे सगळे एकत्र करून त्यावर लसूण आणि सेजची सुगंधी पाने घातलेले गरम लोणी ओततात. हा पदार्थ जड आहे आणि थंडीतल्या कष्टाच्या माणसासाठीच केलेला आहे, हे पहिल्या घासाला समजते. जेवून बाहेर आलो तेव्हा बसथांब्यावरचे वेळापत्रक नीट वाचले आणि आम्ही धरून चाललेली बस रविवारी नसते हे लक्षात आले. मग मळ्यांमधल्या पाऊलवाटेने खाली ट्रेसेंदा स्थानकापर्यंत चालत निघालो. गुडघे दुखले, पण बांध इतक्या जवळून पाहायला मिळाले ते त्या उतरणीमुळेच. एका ठिकाणी ढासळलेला भाग नव्याने रचलेला होता. नवे दगड फिकट, जुन्यांवर शेवाळ. गाडीला अजून वेळ होता, तो आम्ही अगदी खालच्या बांधाला टेकून काढला. ऊन उतरले होते, तरी दगड पाठीला उबदार लागत होता.