तुम्ही विचारलंत म्हणून: रस्ता ओलांडायला अजून काठीच का?

मला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून व्हॉट्सॲपवर महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी मला अंधांसाठीच्या नव्या यंत्राचा व्हिडिओ पाठवतं. मनगटावरचा पट्टा, कॅमेरा बसवलेला चष्मा, नाहीतर दिशा सांगणारे बूट. खाली प्रश्न ठरलेला: "ताई, हे आलंय की आता! रस्ता ओलांडायला अजून काठीच का?" मी अंगठा पाठवते आणि मोकळी होते. आज जरा नीट सांगते.

मी यंत्रांच्या विरोधात अजिबात नाही. माझ्या घडीच्या काठीला मुठीपाशी स्मार्टकेन बसवलेली आहे. आयआयटी दिल्लीत तयार झालेलं हे यंत्र २०१४ मध्ये बाजारात आलं. वटवाघळासारखं ते आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतं आणि तीन मीटरच्या आत तो कशावर आपटून परत आला की मूठ थरथरते. मनगटावरचे बरेच पट्टेही याच तत्त्वावर चालतात. साधी पांढरी काठी जमिनीवरचं सगळं सांगते, पण टेम्पोचा उघडा फाळका किंवा दुकानाबाहेर टांगलेली पाटी तिला कळत नाही. ती कपाळाला कळते. माझ्या डाव्या भुवईवर तीन टाके आहेत, अशाच एका फाळक्याचे. यंत्र आल्यापासून चौथा पडलेला नाही.

पण हे झालं फुटपाथवर. रस्त्यात उतरलं की हिशोब बदलतो. ताशी ३६ किलोमीटरने येणारी मोटरसायकल सेकंदाला दहा मीटर कापते. म्हणजे तीन मीटरवर आली म्हणून मूठ थरथरली, तर माझ्या हातात एका सेकंदाचा तिसरा हिस्सा उरतो. तेवढ्यात 'अगं बाई' म्हणूनही होत नाही. शिवाय यंत्राचं तोंड समोर असतं आणि गाडी येते बाजूने.

मग चष्मा? भाच्याने अमेरिकेतून आणला, हौसेने घातला. औषधाच्या पट्टीवरचं नाव, हॉटेलातलं मेनूकार्ड, कुरिअरच्या पाकिटावरचा पत्ता, सगळं वाचून देतो. त्या बाबतीत मी त्याची ऋणी आहे. पुण्यातल्या अलका चौकात उभं राहून त्याला विचारलं, समोर काय आहे? तो थोडा थांबला आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाला की हा एक वर्दळीचा रस्ता आहे, अनेक दुचाकी दिसत आहेत, आकाश ढगाळ आहे. ढगाळ! आणि हे वर्णन काही सेकंदांपूर्वीच्या फोटोचं. तोवर त्यातल्या दुचाकी शेजारच्या लकडी पुलावर पोचलेल्या.

मी रस्ता ओलांडते ती कानांनी. मोबिलिटी ट्रेनिंगमध्ये, म्हणजे न दिसणाऱ्यांना एकट्याने हिंडायला शिकवतात त्यात, सांगतात ते असं: तुम्हाला जायचंय त्याच दिशेची वाहतूक शेजारून एकदम उसळली, म्हणजे आडवी वाहतूक थांबली; तेव्हा निघा. पुण्यात त्यात दुरुस्त्या कराव्या लागतात. डावीकडे वळणारे थांबत नाहीत. एकेरी रस्त्यावर उलटे येणारे असतातच, म्हणून मी दोन्ही बाजूंना कान देते. पण या शहराने एक सोयही करून दिली होती, कुणाच्याही नकळत. सिग्नलवर सेकंदांचे आकडे उलटे मोजत येतात ना, तेव्हा माझ्या वाटेत लाल दिव्यावर थांबलेले बरेच दुचाकीवाले इंजिन बंद करतात, आणि शेवटचे पाच-सात सेकंद उरले की एकेक स्टार्टर वाजायला लागतो. कुरर्, कुरर्, मग सगळेच. ते आकडे मला दिसत नाहीत, पण स्टार्टर वाजला की कळायचं: बाई, तुझी वेळ संपत आली, भरभर पाऊल उचल.

आता विजेच्या स्कूटर आल्या. त्यांना स्टार्टर नाही. थांबलेल्या असतात तेव्हा त्या माझ्यासाठी नसतातच. धूर नाही हे मलाही आवडतं, पण माझं घड्याळ दर वर्षी थोडं थोडं बंद पडत चाललंय.

म्हणून मला यंत्र हवंच असेल, तर ते माझ्या अंगावर नको, खांबावर हवं. जपानात सिग्नल बोलतात. कित्येक चौकांत एका दिशेला कोकिळकुळातल्या पक्ष्याचा आवाज आणि आडव्या दिशेला पिलाची चिवचिव, म्हणजे जायला मिळतंय हेही कळतं आणि कुठल्या बाजूला तेही. ऑस्ट्रेलियात खांबावरच्या बटणाची टकटक संथ असते तेव्हा थांबायचं, भराभर व्हायला लागली की निघायचं. ऐकूही न येणाऱ्याला तळहात ठेवून तेच ठोके हाताने कळतात. हे चार्ज करावं लागत नाही, घरी विसरत नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे ज्याच्याकडे परदेशातला भाचा नाही त्यालाही मिळतं.

परवा त्याच भाच्याने नवा व्हिडिओ पाठवला. गळ्यात घालायचं काहीतरी होतं. मला ऐकू आलं ते नुसतं संगीत. मी त्याला फोन केला. म्हटलं, एवढं सांग, ती बाई रस्ता ओलांडते तेव्हा रस्त्यावर गाड्या किती आहेत?

त्याने पुन्हा लावून बघितला.

"एक आहे गं मावशी," तो म्हणाला. "आणि ती पार्क केलेली आहे."