स्वतःची दुचाकी आवश्यक

‘सॉफ्टवेअर डेव्हलपर पाहिजे. बीसीए, एमसीए, बीई चालेल. डॉट नेट, एसक्यूएल सर्व्हर, क्रिस्टल रिपोर्ट. अनुभव ० ते २ वर्षे. स्वतःची दुचाकी आवश्यक. पगार योग्यतेनुसार. शाहूपुरी, कोल्हापूर.’

भाचीनं ही जाहिरात मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली ती हसण्यासाठी. "मावशी, डेव्हलपरला गाडी कशाला लागते? पार्सलं पोचवायची आहेत काय?" तिचं एमसीएचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि सध्या दिवसाला दोन-तीन जाहिराती माझ्याकडे येतात. ‘बघ की जरा, बरी आहे काय’ एवढंच खाली लिहिलेलं असतं. आता तिच्या मैत्रिणींच्याही येतात.

मला ती जाहिरात आवडली. हिंजवडीत असताना मी टीमसाठी माणसं निवडायचे, तेव्हा जाहिराती कशा तयार होतात हे जवळून पाहिलंय. मॅनेजर एचआरला चार ओळी पाठवतो. एचआरकडे गेल्या वर्षीची एक जाहिरात असते, ती आणखी कुणाकडून तरी उचललेली. तिच्यात या चार ओळी घुसवल्या जातात. नंतर ती कन्सल्टन्सीकडे जाते आणि तिथं कंपनीचं नाव निघून ‘आमच्या क्लायंटसाठी, नामांकित एमएनसी’ असं होतं. उमेदवारापर्यंत पोचेस्तोवर मूळच्या चार ओळींतली एखादीच शाबूत असते. शाहूपुरीतल्या मालकानं मात्र आपली जाहिरात स्वतः बसून लिहिलेली दिसते. त्याला जे लागतं तेच त्यात आहे. वाचता आलं पाहिजे इतकंच.

तर दुचाकी. कोल्हापुरातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांचं गिऱ्हाईक कोण? साखर कारखाने, दूध संस्था, पतसंस्था, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्र्या, इचलकरंजीचे यंत्रमागवाले. या मंडळींचं सॉफ्टवेअर त्यांच्याच ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसवलेलं असतं आणि अडलं की माणूस समोर लागतो. ‘एनीडेस्क घ्या साहेब’ (म्हणजे मी इथूनच तुमचा कॉम्प्युटर चालवून बघतो) म्हटलं तर समोरून ‘तुम्ही याच’ हेच उत्तर येतं. म्हणजे बिद्री, हुपरी, शिरोळ, वारणानगर असं फिरावं लागणार. जाहिरातीतली दुचाकी सांगते की हे काम निम्मं कोडिंगचं आणि निम्मं सपोर्टचं आहे. पुण्यातली कंपनी हीच गोष्ट ‘क्लायंट-फेसिंग रोल’ म्हणून सांगते आणि पेट्रोलचं नाव काढत नाही. इथं निदान पेट्रोलचं विचारता तरी येतं.

क्रिस्टल रिपोर्ट (छापील अहवाल बनवायचं सॉफ्टवेअर) या दोन शब्दांतूनही बरंच कळतं. तिथं छापील कागदाला महत्त्व आहे. ऊसबिल, दूधबिल, ठेवीची पावती, ताळेबंद. कारखान्याचं गिऱ्हाईक असेल तर गळिताच्या हंगामात, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, सुट्टी मागायला तोंड उघडायचं नाही. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं असतं (किती जण देतात हा आंदोलनाचा विषय, आपला नाही), त्यामुळे बिलं पंधरवड्याची निघतात. पंधरवडा संपला की वजनकाट्याची नोंद, तोडणी-वाहतुकीच्या कपाती, सोसायटीची वसुली हे सगळं जुळवून बिल काढायचं, आणि जुळलं नाही तर फोन तुम्हाला येणार. दूध संस्थेचं असेल तर फॅट-एसएनएफवरून (दुधातली चरबी आणि बाकीचे घन पदार्थ) दर दहा दिवसांनी बिल, वर दिवाळीला दरफरक. पतसंस्था असेल तर ३१ मार्चला रात्री घरी किती वाजता येणार ते घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं. हे सगळं जाहिरातीत लिहिलेलं नाही, पण ‘तुमचे मुख्य ग्राहक कोण?’ हा एक प्रश्न फोनवर विचारला की पुढचं वर्ष कसं जाणार ते कळतं.

आणि खरं सांगू का, ऊसबिल ज्याला बरोबर काढता येतं त्याला पुढं कुठलंही बिलिंग अवघड जात नाही. एकेका शेतकऱ्याच्या कपातींची यादी बघा एकदा.

आता पुण्याच्या जाहिराती. त्यातली गुणविशेषणं मी सरळ सोडून देते. ‘टीम प्लेअर’, ‘प्रेशरखाली काम करण्याची तयारी’, ‘उत्तम कम्युनिकेशन’ सगळीकडे असतं, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. मी बघते ते टेक्नॉलॉजीच्या आवृत्तीचे आकडे. ‘जावा ८’ एवढंच लिहिलंय? जावा ८ आलं २०१४ला. त्यानंतर १७ आलं, २१ आलं, आणि तरी हे ८ वरच असतील तर समोर एक जुनं, चालणारं, कुणी हात लावायला धजत नाही असं अ‍ॅप्लिकेशन आहे. ‘अँग्युलरजेएस’ (वेबसाइटचे पडदे बनवायचं टूल) असं लिहिलं असेल तर आणखी विचारून घ्या, कारण नवं अँग्युलर २०१६चं आणि जुन्या अँग्युलरजेएसचा सपोर्ट २०२१च्या शेवटी संपला. एकतर लिहिणाऱ्याला फरक माहीत नाही किंवा प्रोजेक्ट खरोखरच तेवढं जुनं आहे. स्थानिक जाहिरातीत कधीकधी ‘व्हीबी ६’ (व्हिज्युअल बेसिक) सुद्धा दिसतं. ते १९९८चं. भाचीच्या आधी जन्मलेलं.

जुनं म्हणजे वाईट असं मी मानत नाही. जुन्या कोडवर काम केलेला माणूस वाचायला शिकतो, आणि लिहिण्यापेक्षा वाचणं जास्त वेळ करावं लागतं. पण पहिलीच नोकरी असेल तर विचारावं, की नवीन काही लिहिलं जातंय का नुसती डागडुजी? दोन वर्षं फक्त डागडुजी केली की पुढच्या मुलाखतीत सांगायला फारसं उरत नाही.

दुसरं टोक म्हणजे ज्या जाहिरातीत सगळंच आहे. जावा, पायथन, रिअ‍ॅक्ट, नोड, एडब्ल्यूएस, डॉकर, कुबरनेटिस, काफ्का, आणि अनुभव १ ते २ वर्षं. याचे दोन अर्थ निघतात. चारपाच प्रोजेक्टसाठी एकच जाहिरात टाकलीय आणि तुम्हाला कुठं टाकतील ते त्यांनाही माहीत नाही, हा एक. दुसरा, कंपनीत दोनच माणसं आहेत आणि तिसरे तुम्ही. सध्या त्यात ‘एआय टूल्सचा वापर आवश्यक’ ही ओळ वाढलीय. कालच एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत दिसली. मी भाचीला म्हटलं, खातेदारांचा डेटा त्या टूलमध्ये चिकटवायला परवानगी आहे का, हे विचार. उत्तर काहीही असो, प्रश्न ऐकून समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बघ.

पैशाकडे येते. ‘४.२ एलपीए, पुणे’ (म्हणजे वर्षाला ४.२ लाख) आणि ‘१८,००० हातात, कोल्हापूर’ अशा दोन जाहिराती एकाच दिवशी आल्या आणि भाचीनं मनातल्या मनात ४,२०,००० भागिले १२ करून ३५,००० काढले. मी तिला कागद घ्यायला लावला. ‘व्हेरिएबल’ (पगारातला कामगिरीवर अवलंबून असलेला भाग) दहा टक्के धरले तर ४२,००० गेले, ते वर्षाच्या शेवटी मिळाले तर मिळाले. मूळ पगार निम्मा धरू, २,१०,०००. नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहितांमुळे तो फार खाली दाखवायची सोय राहिलेली नाही. त्यावर ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे १०,१०० रुपये, जे पाच वर्षं टिकलात तरच बघायला मिळतात. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १५,००० च्या पगारमर्यादेवर महिना १,८००, वर्षाचे २१,६००. विम्याचे सहाएक हजार. हे सगळं वजा करून महिन्याला राहतात २८,३५० च्या आसपास. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २००. हातात २६,३००. वाकडला कॉट बेसिसवर जागा, मेस, कंपनीच्या बसचं नसेल तर जाण्यायेण्याचं, महिन्यातून एकदा कोल्हापूर. शिल्लक तिची तिनं काढली, मी आकडा सांगितला नाही. कोल्हापूरच्या १८,०००वर व्यवसाय करही नाही, कारण महाराष्ट्रात बाईला महिना २५,००० पर्यंत तो माफ आहे. आणि राहायला घर, जेवायला आईच्या हातचं.

यावरून ‘कोल्हापूरच बरं’ असं मी म्हणतेय असं कुणी समजू नये. पहिल्या नोकरीचा पगार मी दुय्यम मानते. दुसरी नोकरी कुठल्या दारातून मिळते ते महत्त्वाचं, आणि पुण्यातल्या कंपनीचं नाव सीव्हीवर असलं की ते दार पटकन उघडतं, हे इथं बसून नाकारण्यात अर्थ नाही. माझ्यासाठीही तसंच उघडलं होतं. म्हणूनच आज ताराबाई पार्कात घरी बसून पुण्याचं काम करता येतं.

कंपनी खरी आहे का हे बघायची एक जागा पोरांना माहीतच नसते. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून शोधता येतं आणि दर महिन्याला किती कर्मचाऱ्यांचा, एकूण किती पीएफ भरला तो आकडा समोर येतो. ‘२०० जणांची टीम’ म्हणणाऱ्या कंपनीनं २३ जणांचा पीएफ भरलेला दिसला, तर उरलेले कुठं आहेत ते मुलाखतीत नम्रपणे विचारावं. रकमेला माणसांनी भागून बघितलं आणि डोई ३,७५० च्या आसपास आलं, तर पीएफ सगळ्यांचा त्या १५,००० च्या मर्यादेवरच भरला जातोय. आकडा दर दोन महिन्यांनी खालीवर होत असेल तर माणसं टिकत नाहीत. मात्र शाहूपुरीतल्या आठ-दहा जणांच्या कंपनीचं नाव तिथं सापडलं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. वीस माणसांच्या आत पीएफ सक्तीचा नाही. तिथं पत्ता बघायचा, जाऊन यायचं, खालच्या चहावाल्याला विचारायचं. चहावाल्याकडे उधारीची वही असते, त्याला सगळं ठाऊक.

दोन गोष्टींवर मात्र मी वाद घालत नाही. नोकरीच्या आधी ‘ट्रेनिंग फी’ मागणारी जाहिरात ही जाहिरात नाही, क्लास आहे. आणि मूळ मार्कशीट जमा करून घेणाऱ्यांकडे जायचं नाही, मग पगार काहीही असो. बाँडचं (ठरावीक काळ नोकरी सोडायची नाही, सोडली तर पैसे भरायचे, असा करार) थोडं वेगळं आहे. ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ असं कॉलेजमध्ये सर्रास सांगतात, ते अर्धवट आहे. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची अट आणि आधी सोडल्यास दोन लाख रुपये, हे वैध ठरवलं. ती सरकारी बँक, भरती खुल्या जाहिरातीतून झालेली, पद मोठं. खाजगी कंपनीच्या १५,००० पगाराच्या फ्रेशरला तेच गणित जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण सही करायची तर रक्कम वाचून, आणि ट्रेनिंग खरंच देणार आहेत का हे विचारून.

दुचाकीवाल्या जाहिरातीचं पुढं काय झालं? मी भाचीला फोन करायला लावला, स्पीकरवर. ग्राहक कोण, तर दूध संस्था आणि दोन पतसंस्था. पेट्रोल, तर किलोमीटरप्रमाणे. पीएफ नाही, माणसं नऊ. शनिवार पूर्ण दिवस. मग तिनं माझा आवडता प्रश्न विचारला, की सोर्स कोड कुठं ठेवता, गिट वापरता का? (गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं टूल.) पलीकडे क्षणभर शांतता. मग, "कोड सरांच्या लॅपटॉपवर असतोय. पेन ड्राइव्हवर रोज कॉपी घेतोय की."

भाचीनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मुलाखतीला जा. गिट त्यांना तू शिकवशील, फॅटवरून दर कसा काढायचा ते त्यांच्याकडून शिकून घे. पगार मात्र १८च्या खाली बोलू नकोस, आणि शनिवार अर्धा माग. ती सोमवारी अकराला जातेय. गाडी माझी घेऊन.